रडूबाईचा वाण

अळीमावशीची कंबर त्या हंगामात फारच धरली होती, पण ती कुणाजवळ बोलत नव्हती. बोललं की लोक म्हणणार, "आता निवृत्तीला राहिलेत किती दिवस, काढा कसेबसे." या 'कसेबसे'चा तिला भारी राग. निम्म्याहून जास्त आयुष्य तिनं एका खोलीत किडे वाढवण्यात घालवलं होतं. ते सत्कारणी लागलं की वाया गेलं, यावर कुणी वाद घातला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण कसंबसं? छे!

'अळीमावशी' हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. कामावरून परतताना एकदा तिच्या केसांत तुतीच्या पानाचा तुकडा निघाला आणि त्यावर बोटाएवढी अळी, आरामात पान खात बसलेली. तेवढ्या भांडवलावर पोरांनी तिचं बारसं केलं, ती पोरं मोठी होऊन बापे झाली, तरी नाव राहिलं. "निदान मावशी तरी म्हणतात," ती म्हणायची, "नुसतं अळी म्हणाले असते तर काय केलं असतं?"

ती रेशमाच्या संशोधन केंद्रात, वाणखोलीत कामाला होती. इथे रेशीम काढत नसत. रेशीमकिड्याचे जुने वाण जिवंत ठेवायचे, एवढंच काम. ऐकायला किती सोपं! धान्याचं बियाणं असतं तर डब्यात भरून थंडीत ठेवलं असतं आणि माणसं पाचदहा वर्षं पाय पसरून झोपली असती. किड्याचं तसं नसतं. त्याची अंडी एक हिवाळा काढतात, पण वर्ष झालं की ती फुटलीच पाहिजेत. म्हणजे प्रत्येक वाणाच्या अळ्या दरवर्षी अंड्यांतून काढा, कोवळी पानं चिरून घाला, मोठ्या करा, कोष विणू द्या, पतंग बाहेर आले की जोड्या लावा, पुन्हा अंडी घ्या. एक वर्ष चुकलं की तो वाण जगातून गेला. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोयच नाही. आणि एका वेळी एकाच वाणाचे पतंग बाहेर येतील असा बेत राखायचा, नाहीतर याचा नर त्याच्या मादीला जाऊन लागणार आणि सगळा काला होणार. त्यामुळे एक वाण उरकला की दुसरा, दुसरा उरकला की तिसरा. रजा घ्यायची तर कधी घ्यायची?

खोली मात्र बघण्यासारखी होती. पांढरे, हिरवट, गुलाबी, केशरी कोष. काही अळ्या साध्या दुधाळ, काही अंगभर पट्टेवाल्या, काहींच्या पाठीवर चंद्रकोरी उमटलेल्या. या सगळ्यांचा मूळ पुरुष एकच, रानातल्या तुतीवरचा एक करडा पतंग, चांगला भर्रकन उडणारा. माणसानं तो घरात आणला आणि हजारो वर्षं, जो जास्त रेशीम देईल, जो पळून जाणार नाही, त्याचीच अंडी ठेवत गेला. ठेवता ठेवता पतंग उडायचंच विसरला. पंख आहेत, थरथरतात, पण अंग काही उचलत नाही. तोंडही कामाचं उरलं नाही, खाणं नाही, पिणं नाही. जोडी लागायची, अंडी घालायची, मरायचं. "माझ्यापेक्षा याचं बरं," मावशी म्हणायची, "सकाळी उठून डबा तरी करावा लागत नाही."

या सगळ्यांत एक वाण होता रडूबाई. हे नाव झाडलोट करणाऱ्या बाईनं दिलेलं आणि तेच चिकटलं. कोष लहान, पिवळा, त्यात रेशीम नावाला. पान जरा ओलं असलं की अळ्यांना जुलाब, जरा सुकलं की त्या तोंड फिरवणार. हवा बदलली की सगळ्या आजारी. दुसऱ्या एका केंद्रात हा वाण होता, ते केंद्र बंद पडलं. मग तो फक्त मावशीच्या खोलीत उरला. केंद्रातली शास्त्रज्ञ, जिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, तिचा या वाणावर जीव होता. "मावशी, उद्या एखादा रोग आला आणि हे सगळे गलेलठ्ठ वाण आडवे झाले, तर त्यावरचा उतारा कुणाच्या अंगात असेल सांगता येतं का? या रडूबाईच्याही असेल." मावशी म्हणायची, "हिच्या अंगात? हिला सर्दी सोसत नाही!" पण रडूबाईच्या अळ्या असल्या की ती घरी जायचं विसरायची.

याची किंमत तिनं मोजली होती, आणि ती एकटीनं नाही. तिचं लग्न राहूनच गेलं, आईवडील गेले, उरली एक धाकटी बहीण, दिवसभराच्या प्रवासावर राहणारी. धाकटीचं लग्न ठरलं ते नेमकं रडूबाईच्या अळ्या शेवटची कात टाकायला निश्चल पडल्या होत्या तेव्हा. तेव्हा त्यांना एकटं सोडलं तर निम्म्या जात. मावशी लग्नाला गेली नाही. वडील आजारी पडले तेव्हाही "एवढे कोष होऊ देत, निघतेच" म्हणाली, आणि पोचली तेव्हा घरात नुसती माणसं बसलेली होती. धाकटी त्यावर कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मावशीला पुष्कळदा वाटायचं.

उलट धाकटीच एकदा केंद्र बघायला आली. खोलीभर हिंडली आणि नाक मुरडून म्हणाली, "एवढं सगळं करता आणि एकही फुलपाखरू नाही?" डॉक्टरीणबाई हसत तिला व्हरांड्यातल्या मोठ्या तक्त्यापाशी घेऊन गेली. तक्त्यावर एक झाड होतं, फांद्याच फांद्या. "हे सगळे पतंग. दीड लाखाच्या वर जाती माहीत आहेत, अजून नव्या सापडताहेत. आणि ही एवढी डहाळी दिसते ना, ती फुलपाखरं. दहातली एक जात. पतंगांतलेच काही दिवसा उडायला लागले, उन्हात रंगले, त्यांना आपण फुलपाखरू म्हणतो. वेगळं घराणं नाही ते." धाकटी मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे ताई, आम्ही मिरवतो, पण आहोत तुमच्यातलेच!"

तर त्या शेवटच्या हंगामात रडूबाईची पाळी आली. मावशीच्या निवृत्तीआधीची ही शेवटची. वर्ष वाईट गेलं. अळ्या मेल्या, कोष थोडे झाले, तरी झाले. मावशीनं कोष पात्यानं कापून आतले तपकिरी कोशित, म्हणजे पतंग होण्याआधी निजलेले किडे, बाहेर काढले, शेपटाकडची खूण बघून नर एका ट्रेमध्ये आणि माद्या दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवल्या. हे वेगळं करावंच लागतं. पतंग बाहेर आल्या आल्या जो जवळ दिसेल त्याला लागतो, भाऊ-बहीण काही बघत नाही, आणि आधीच नाजूक असलेला वाण त्यानं आणखी खचतो. दोन दिवसांत पतंग निघणार होते.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मावशी, आईच्या पोटात गाठ निघालीय. परवा ऑपरेशन आहे. आई म्हणते तुला कळवू नको, तुझे किडे असतील. पण मी कळवतेय. तू ये."

मावशी फोन ठेवून स्टुलावर बसली. थोड्या वेळानं तिनं डॉक्टरीणबाईला सांगितलं, तेही असं, की जणू रजेचं विचारत नव्हती, माफी मागत होती. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अहो, जा ना! कोशित थंड कपाटात ठेवा. आठवडाभर पतंग निघत नाहीत, तुम्हाला माहीत आहेच. आल्यावर बाहेर काढा. नाहीतर मी बघते जोड्यांचं."

"नको नको," मावशी म्हणाली, "तुम्हाला वरचं काम आहे. मी थंडीत ठेवते दोन्ही ट्रे. मी येईपर्यंत कुणी दारच उघडू नका. बाहेरचा रोग आत आला तर संपलंच."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पिशवी घेऊनच केंद्रात आली. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. माद्यांचा ट्रे तिनं थंड कपाटात ठेवला, दार लावलं, नरांचा ट्रे उचलायला टेबलाकडे वळली आणि फोन वाजला. भाची रडत होती. ऑपरेशन आजच घेणार होते. मावशीनं "निघाले गं, निघाले" म्हणत एका हातानं पिशवी उचलली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि धावत सुटली.

आता लपवून काय करायचं? ट्रे टेबलावरच राहिला. स्वच्छ कापडानं झाकलेला, जागच्या जागी. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून काम केलेल्या बाईच्या हातून हे झालं, आणि झालं ते इतकं साधं, की तिला त्याचा पत्ताही लागला नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. धाकटीनं डोळे उघडले तर उशाशी ताई. ती आधी घाबरलीच. "काय गं, मी मरतेय का? तू आलीस म्हणजे काहीतरी भयंकर असणार!" मावशीनं तिला दटावलं, "गप बस, टाके दुखतील," आणि मग दोघी बहिणी त्या टाक्यांची पर्वा न करता हसल्या. नर्स ओरडून गेली.

पुढचे दिवस मावशीला आजवरच्या सगळ्या दिवसांपेक्षा चांगले गेले. खाट, खिडकी, पाण्याचा तांब्या, आणि बोलायला वेळ. असा वेळ त्यांना लहानपणानंतर मिळालाच नव्हता. धाकटी म्हणायची, "सांग ना तुझ्या किड्यांच्या गोष्टी," आणि मावशी सांगायची. एक पतंग हुबेहूब गांधीलमाशीसारखा दिसतो, तसेच काचेसारखे पंख, तसेच पट्टे, पण नांगी नाही, नुसताच आव. एका फुलपाखराची अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिला कुणी तोंड लावत नाही. "शी!" धाकटी म्हणाली, "जगायचं म्हणजे काय काय व्हावं लागतं!" कुणाच्या अळ्या लोकर खातात, कुणाच्या पोळ्यातलं मेण. आणि एक पतंग असा आहे, झोपलेल्या जनावरांच्या डोळ्यांवर बसून पाणी पितो, आसवं.

"आसवं?" धाकटीनं विचारलं. तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. "मग आमचे हे गेले तेव्हा माझ्याकडे का नाही आला? पोटभर मिळाली असती मेल्याला." आणि मग म्हणाली, "तू पण नव्हतीस."

शेवटी निघालं ते. मावशीनं मान खाली घातली. "नव्हते," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

"जाऊ दे. आता आलीस ना."

घरी सोडलं तेव्हा धाकटी म्हणाली, आणखी दोन दिवस राहा. मावशीनं मनातल्या मनात हिशेब केला. थंडीत आहेत, काय होतंय त्यांना? ती राहिली. भाचीच्या हातचं आयतं जेवली, दुपारी झोपली. दुपारी झोपायचं सुख काय असतं ते तिला या वयात कळलं. तिनं धाकटीला सांगून टाकलं, "सुटले की तुझ्याकडेच येते राहायला. फक्त वर्षातून एकदा रडूबाईसाठी जाऊन येईन. डॉक्टरीणबाईंनी तसं कबूल केलंय. बाकीचे वाण कुणीही बघेल, तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

ती परतली तेव्हा सकाळ होती. पहारेकऱ्यानं किल्ली दिली. "बहीण बरी आहे ना? बरं झालं. मावशी, तुमचे किडे मात्र मजेत होते हं! तीन-चार दिवस नुसती फडफड ऐकू येत होती. म्हटलं, आले बाहेर. मग गप्प झाले. तुम्ही म्हणाला होतात उघडू नका, म्हणून मी दाराला हात नाही लावला."

मावशी किल्ली घेऊन खोलीकडे धावली. थंडीतले कोशित फडफडत नाहीत.

कापड उचललं तर ट्रेमध्ये सगळे नर मेलेले. पंखांची किनार झिजून गेलेली, ट्रेच्या कडेकडेनं अंगावरची पांढरी भुकटी सांडलेली. माद्यांच्या वासासाठी ते दिवसरात्र पंख फडफडवत गोल गोल फिरले असणार. नराचं तेच एक काम असतं. आणि माद्या चार हातांवर, थंड कपाटात, कोशितात निजलेल्या.

डॉक्टरीणबाई धावत खाली आली. ती ओरडली असती तर मावशीला सोसलं असतं. ती ट्रेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मी एकदा येऊन बघायला हवं होतं."

"मीच म्हटलं होतं ना, दार उघडू नका." मावशीचा आवाज सपाट होता. "दुसऱ्या कुठल्या वाणाचे नर? निम्मं रक्त तरी राहील."

दोघींनाही उत्तर माहीत होतं. या दिवसांत दुसऱ्या कुठल्याच वाणाचे पतंग निघत नसत. मिसळण होऊ नये म्हणून मावशीनंच तसा बेत वर्षानुवर्षं पाळला होता. पुढच्या वाणाच्या अळ्या शेजारच्या खोलीत होत्या, त्यांना दुसरी माणसं पानं घालत होती, पण त्या अजून निम्म्याच वाढलेल्या होत्या. मागच्या वर्षीची अंडी कुठे शिल्लक असती, तरी ती आता फुटणार नव्हती.

"तरी माद्या बाहेर काढू," डॉक्टरीणबाई म्हणाली. मावशीनं माद्यांचा ट्रे आणून टेबलावर ठेवला.

माद्या निघाल्या, नेहमीप्रमाणे पहाटे. भिजल्यासारखे पंख, मग हळूहळू वाळून पसरलेले. पांढऱ्या, जाडजूड, पोटं अंड्यांनी भरलेली. त्यांनी शेपटं वर उचलली, वास सोडला आणि वाट बघत बसल्या. मावशी स्टुलावर त्यांच्यासमोर बसली. तिला क्षणभर धाकटीचा राग आला, त्या गाठीचा, भाचीच्या फोनचा; आणि मग स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. धाकटी मेली असती तर चाललं असतं का तुला, असं तिनं स्वतःला विचारलं. नाही. मग? मग काही नाही. दोन्ही हवं होतं. आयुष्यभर एकच मिळत आलं होतं, या खेपेला तिला दोन्ही हवं होतं.

नर आला नाही तरी मादी शेवटी अंडी घालतेच. कागदावर, झाकणाखाली, गोल गोल फिरून, एकेक शेजारी लावून. मावशीनं प्रत्येक मादीखाली नवा कागद घातला. नर लागून फळलेली अंडी दोनतीन दिवसांत पिवळ्याची करडी होतात, मग काळपट. ती रोज सकाळी येऊन उजेडाला धरून बघायची. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, नका बघू आता." ती म्हणाली, "हो," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं.

त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला. मावशी तेव्हा कागद घेऊन खिडकीशीच उभी होती. धाकटीच्या आवाजात आता चांगला दम होता. टाके निघाले होते, जिना चढली होती, भाचीला दोनदा रागावूनही झालं होतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "आणि रडूबाई कशी आहे? पतंग आले का?"

"आले."

"अंडी घातली?"

"घातली. पुष्कळ घातली."

"बघ! आणि तू माझ्या उशाशी बसून त्यांच्यासाठी झुरत होतीस. मला काय दिसत नव्हतं? बरं ऐक, तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीय. वर्षातून एकदा तू पळणार ते मला माहीत आहे, त्याला माझी ना नाही."

"नाही," मावशी म्हणाली. "तिकडे आले की राहीनच. परत जायचं नाही."

"खरंच? आणि तुझी रडूबाई?"

"तिचं झालं गं सगळं. आता माझी गरज नाही."

पलीकडे धाकटीनं आनंदानं लेकीला हाक मारली, "अगं ऐकलंस का, मावशी कायमची येतेय!" मग भाचीनं फोन घेतला, खोलीत पलंग कुठे लावू विचारलं, खिडकीपाशी की भिंतीपाशी. मावशीनं हातातला कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. अंडी पिवळीच होती, काही आता चेपायला लागली होती.

"खिडकीपाशी लाव," ती म्हणाली.